टाइप १४ सीटॅबला दाद का देत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लसीसाठी न्यूमोकोकसचं, म्हणजे न्यूमोनियाच्या जंतूचं, साखरेचं कवच (पॉलिसॅकराइड, साखरांची लांब साखळी) शुद्ध करायचं आहे. या कवचाच्या रचनेवरून जंतूचे टाइप पडतात. त्यातल्या ६बी आणि २३एफ या टाइपसाठी बसवलेली पद्धत तुम्ही टाइप १४ ला जशीच्या तशी लावली. डीऑक्सीकोलेट या डिटर्जंटनं पेशी फोडल्या, १०० किलोडाल्टनच्या कॅसेटवर (मोठे रेणू अडवणाऱ्या गाळणीच्या पडद्यावर) द्रव आटवला, सीटॅब हे साबणासारखं रसायन टाकलं, खाली बसलेला गाळ मिठाच्या पाण्यात विरघळवला आणि अल्कोहोलनं पॉलिसॅकराइड पाडलं. आधीच्या दोन्ही टाइपना छान यील्ड, म्हणजे उतारा, मिळालं. टाइप १४ ला मात्र गाळ जेमतेम बसतो, यील्ड १० टक्क्यांच्या खाली जातं आणि प्रथिनं ६ टक्के येतात. तुमच्या स्पेसिफिकेशनची मर्यादा ३ टक्के आहे. सीटॅब दुप्पट करून पाहिलं, अल्कोहोलचा टप्पा तीनदा केला, तरी आकडा हलत नाही.

सीटॅबचं प्रमाण बरोबरच होतं. टाइप १४ च्या साखळीवर विद्युतभारच नाही, अडचण तिथे आहे.

सीटॅबचा रेणू लांब शेपटीचा, डोक्यावर धनभार असलेला, साबणासारखा. तो ऋणभारित साखळीला जागोजागी चिकटतो, त्याच्या शेपट्या एकमेकींत गुंततात आणि सगळं मिळून खाली बसतं. ६बी च्या साखळीत फॉस्फेट आहे, २३एफ मध्ये ग्लिसरॉल फॉस्फेट, ९व्ही मध्ये ग्लुकुरोनिक आम्ल, टाइप ४ मध्ये पायरुवेट. म्हणजे सीटॅबला धरायला जागा आहे. टाइप १४ ची कडी दोन गॅलॅक्टोज, एक ग्लुकोज आणि एक एन-ॲसिटिल ग्लुकोसामिन अशा चार साखरांची. फॉस्फेट नाही, आम्लगट नाही. ७एफ आणि ३३एफ हे टाइपही असेच भाररहित आहेत, त्यामुळे पुढे ते हातात आले तर हीच गोष्ट आठवा.

मग तुमच्या भांड्यात खाली बसलं ते काय? डीएनए, आरएनए आणि आम्लधर्मी प्रथिनं. तो गाळ जपून, विरघळवून तुम्ही पुढे नेलात. त्यात अडकून आलेलं थोडं पॉलिसॅकराइड हेच तुमचं यील्ड. तीनदा अल्कोहोल घालूनही प्रथिनं तिथंच राहिली, कारण सुरुवातच प्रथिनांच्या गाळापासून झाली होती. खरा माल वरच्या पाण्यात होता आणि तो बहुधा किल टँकमध्ये, म्हणजे टाकाऊ द्रवाच्या टाकीत, गेला.

हे इतक्या ठामपणे लिहिते आहे, कारण आमच्याकडे हेच घडता घडता राहिलं. नोकरीची पहिली काही वर्षं होती. सीटॅबनंतर सेंट्रिफ्यूज झालं, गाळ बाजूला काढला आणि वरचं द्रावण टाकून द्यायला कॅनमध्ये भरलं. आमचे एक जुने ऑपरेटर होते, डेअरीतून आलेले. कॅन उचलताना त्यांच्या हातमोज्यावर थोडं सांडलं. त्यांनी अंगठा आणि बोट एकमेकांना लावून अलग केलं आणि म्हणाले, ‘मॅडम, हे पाणी चिकट लागतंय. पाकासारखं. टाकायचं नक्की ना?’ मी जाऊन पाहिलं. दोन बोटांमध्ये बारीक तार धरत होती. एका परीक्षानळीत तीन भाग अल्कोहोल घेतलं आणि त्यात ते पाणी थेंब थेंब सोडलं, तर क्षणात पांढरे तंतू तरंगायला लागले. टाइप १४ च्या सीरमशी, म्हणजे तोच टाइप ओळखणाऱ्या प्रतिपिंडांशी, लावून पाहिलं तर झकास जुळलं. अख्खी बॅच त्या कॅनमध्ये होती. तेव्हापासून माझा एक नियम आहे. कुठल्याही नव्या टाइपमध्ये प्रत्येक टप्प्याचं गाळ आणि पाणी दोन्ही ठेवायचं. दोन्हींत साखर मोजून हिशेब जुळल्याशिवाय काहीही टाकायचं नाही. पहिल्या तीन बॅचना हा नियम पाळलात तर नंतरचे कित्येक महिने वाचतील.

सीटॅब सगळ्यांच्या हातात इतकं बसलं आहे त्याला कारण आहे. १९६९ साली गॉटश्लिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या वॉल्टर रीड संस्थेत मेनिंगोकोकसच्या (मेंदूज्वराच्या एका जंतूच्या) ए आणि सी गटांचं पॉलिसॅकराइड सेटाव्हलॉन वापरून, म्हणजे सीटॅबनंच, थेट कल्चरमधून पाडलं. त्याआधीच्या प्रयत्नांत साखळ्या तुटून आखूड व्हायच्या आणि अशा मालानं माणसात नीट प्रतिकारशक्ती तयार होत नसे. त्यांच्या सौम्य पद्धतीत लांब साखळी शाबूत राहिली. ते यश मोठं होतं आणि पुढच्या सगळ्या पद्धतींवर त्याची छाप पडली. पण गट ए मध्ये फॉस्फेट आहे आणि गट सी म्हणजे सियालिक आम्लाचीच साखळी आहे. दोन्ही ऋणभारित. २००० साली आलेल्या न्यूमोकोकसच्या सात टाइपच्या कॉन्जुगेट (साखळी प्रथिनाला जोडून केलेल्या) लसीतही सहा टाइप भारित होते, एकटा १४ भाररहित. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या दहा टाइपच्या न्यूमोकोकस लसीत ७एफ आणि १४ दोन्ही आहेत. त्यामुळे आपल्याकडे या कामात उतरलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच, त्यात कमीपणा वाटून घेऊ नका.

आता करायचं काय, ते सांगते. टाइप १४ साठी डोकं उलटं चालवायचं. भारित टाइपमध्ये आपण मालाला धरतो आणि घाण सोडून देतो. इथे घाणीला धरायचं आणि माल मोकळा वाहू द्यायचा. भार नाही ही या टाइपची सोय आहे, कारण पेशीतल्या जवळजवळ सगळ्या नको असलेल्या गोष्टी भारित असतात.

सुरुवात आम्लापासून करा. तुमच्या वर्णनात आम्लाचा टप्पा दिसत नाही आणि टाइप १४ ला तो सगळ्यात जास्त फळतो. डीऑक्सीकोलेटनं पेशी फुटल्या की पीएच हळूहळू ४.५ च्या आसपास आणा. ॲसेटिक आम्ल चालेल, पण सावकाश, ढवळत. दूध फाटतं तसं होतं. आधी द्रव गढूळ होतो, मग कण जमतात, मग चोथा आणि निवळी वेगळी दिसायला लागते. न्यूमोकोकसची बरीच प्रथिनं या पीएचला विरघळलेली राहू शकत नाहीत. डीऑक्सीकोलेटही आम्लात तग धरत नाही, त्याच चोथ्यात बाहेर पडतं. काही तास शांत बसू द्या, मग सेंट्रिफ्यूज आणि डेप्थ फिल्टर. ढवळण्याची घाई केलीत तर चोथा बारीक होतो आणि फिल्टर पहिल्या दहा मिनिटांत बंद पडतो. तुम्ही फिल्टर चोंदल्याचं लिहिलं आहे, त्याचं एक कारण हेही असू शकतं की डीऑक्सीकोलेट आणि प्रथिनं तशीच पुढे गेली.

ही आम्लाची मोकळीक टाइप १४ ला आहे, कारण त्याच्या साखळीत आम्लाला सहज तोडता येईल असं काही नाही. फॉस्फोडायएस्टर, म्हणजे फॉस्फेटचा दुवा, नाही, सियालिक आम्ल नाही. इथं यश आलं म्हणून हाच टप्पा १९एफ किंवा ६ए ला त्याच जोरानं लावू नका. त्यांचे फॉस्फेटचे दुवे नाजूक आहेत, पीएच, तापमान आणि वेळ यांत जरा चूक झाली की साखळी आखूड होते. ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस या दुसऱ्या जंतूवर काम करणाऱ्यांसाठी सांगते, त्यांच्या टाइप ३ ची साखळी म्हणजे हीच टाइप १४ ची साखळी, फक्त फांदीच्या टोकाला सियालिक आम्ल लावलेलं. आम्लात ते टोक गळून पडलं की उरतं ते रचनेनं टाइप १४ च. म्हणजे एकाला ज्या टप्प्यानं स्वच्छ करता, त्याच टप्प्यानं दुसऱ्याची ओळखच पुसली जाते.

आम्लानंतर पीएच पुन्हा तटस्थ करून न्यूक्लिएज, म्हणजे डीएनए-आरएनए कापणारं एन्झाइम, द्या. तुमच्या टिपणात ‘एन्झाइम वापरून पाहिलं, उपयोग झाला नाही’ अशी एक ओळ आहे. बफर कुठला होता ते तपासा. बेन्झोनेज या नेहमीच्या न्यूक्लिएजला मॅग्नेशियम लागतं, एक-दोन मिलिमोलर पुरतं. द्रवात ईडीटीए असेल तर तो ते मॅग्नेशियम पळवतो आणि एन्झाइम नुसतं बसून राहतं. जास्त मीठ आणि जास्त फॉस्फेटही त्याला मानवत नाही. डीएनएचे लांब धागे १०० किलोडाल्टनच्या पडद्यातून जात नाहीत आणि प्रथिनांनाही सोबत अडवून ठेवतात. तुकडे झाले की दोघंही निघून जातात. एन्झाइम स्वतः लहान आहे, तेही पडद्यातून जातं, फक्त ते गेल्याची चाचणी कागदावर असायला हवी.

(याच डीएनएबद्दल एक आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९२३ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत हायडेलबर्गर आणि एव्हरी यांनी न्यूमोकोकसचं कवच साखरेचं आहे हे दाखवलं. तेव्हा प्रतिकारशक्ती जागवणारा पदार्थ प्रथिनच असणार अशी समजूत होती आणि या साखरेत कुठंतरी प्रथिन लपलंय असं अनेकांना वाटायचं. २१ वर्षांनी, १९४४ मध्ये, त्याच संस्थेत एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी याच जंतूतून डीएनए शुद्ध केला आणि आनुवंशिक गुण तो वाहून नेतो हे सिद्ध केलं. त्यांना तेव्हा कवचाचं पॉलिसॅकराइड ही घाण होती, ती काढायला त्यांनी ते पचवणारं एन्झाइम वापरलं. आपण बरोबर उलटं करतो. एकाच भांड्यातल्या दोन गोष्टी, आणि त्या वेगळ्या करण्याची तगमग तेव्हाही तीच होती.)

मग पडद्यावरची धुलाई. १०० किलोडाल्टनची कॅसेट ठीक आहे. पॉलिसॅकराइडची साखळी पाण्यात पसरलेली असते, गोळा झालेली नसते, त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या प्रथिनापेक्षा ती पडद्याला खूप मोठी वाटते आणि आत थांबते. आधी अर्धा मोलर मिठाच्या द्रावणानं धुवा, म्हणजे भारामुळे एकमेकांना चिकटलेली प्रथिनं आणि न्यूक्लिइक आम्लं सुटतील, मग पाण्यानं किंवा हलक्या बफरनं. आटवण्याचा मोह आवरा. द्रव जास्त दाट झाला की पडद्यावर जेलचा थर बसतो आणि तोच थर मग प्रथिनांना अडवतो. प्रवाह मंदावला की दाब वाढवायचा हा सगळ्यांचा पहिला विचार असतो. दाब वाढवला की थर आणखी घट्ट बसतो. दाब कमी करा, पडद्यावरून वाहणाऱ्या द्रवाचा आडवा वेग वाढवा, आणि आधी इतकं आटवूच नका.

आता सीटॅब. ते पूर्ण सोडायची गरज नाही. धुतलेल्या, कमी मिठाच्या द्रवात थोडं सीटॅब घातलं तर उरलेली न्यूक्लिइक आम्लं आणि आम्लधर्मी प्रथिनं खाली बसतात. या वेळी गाळ टाका आणि पाणी ठेवा. जास्तीचं सीटॅब मालासोबत राहतं, त्यासाठी पोटॅशियम किंवा सोडियम आयोडाइड घाला. सीटॅबचं आयोडाइड विरघळत नाही, ते बसतं. मग गाळा आणि कार्बन फिल्टरमधून काढा. कार्बनमध्ये रंगही जातो आणि प्रथिनांचा शेवटचा अंशही. मला विचाराल तर मी सीटॅबऐवजी ॲनायन एक्स्चेंजरचा, म्हणजे ऋणभारित रेणू धरून ठेवणाऱ्या रेझिनचा, स्तंभ पसंत करते. कमी मिठात द्रव सोडला की डीएनए आणि बहुतेक प्रथिनं रेझिनला चिकटतात आणि टाइप १४ सरळ आरपार निघून येतो. नंतर सीटॅबचा अंश मोजत बसावं लागत नाही, आयोडाइडही नको. खर्च रेझिनचा, पण ते पुन्हा पुन्हा वापरता येतं.

सीटॅब वापरणारच असाल तर एक बारकी गोष्ट. त्याचं दाट द्रावण साधारण २५ अंशांच्या खाली गेलं की स्फटिक धरतं. आमच्याकडे डिसेंबरातल्या एका सकाळी रात्रभर ठेवलेल्या बाटलीच्या तळाशी पांढरा थर होता. वरचं पाणी ओतून घेतलं गेलं आणि त्या बॅचमध्ये ठरल्यापेक्षा कितीतरी कमी सीटॅब पडलं. कागदावर लिटरचा आकडा बरोबर होता, म्हणून कारण सापडायला आठवडा गेला. बाटली आधी कोमट करून, पूर्ण निवळली आहे हे उजेडात धरून पाहूनच घ्या.

अल्कोहोलच्या टप्प्याबद्दल. तुम्ही तीनदा केलात, त्याऐवजी एकदाच करा, पण नीट. आधी दहा परीक्षानळ्या घेऊन २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत चढत जा. प्रत्येक नळीत काय बसलं आणि काय वर राहिलं ते मोजा. कॅल्शियम क्लोराइड असताना न्यूक्लिइक आम्लं २५ ते ३० टक्क्यांतच पडायला लागतात, ती गाळून टाकायची, मग पुढे अल्कोहोल वाढवून पॉलिसॅकराइड पाडायचं. तुमच्या मालाची नेमकी पायरी तुमच्या नळ्याच सांगतील, छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. अल्कोहोल थंड असू द्या आणि संथ धारेनं, जोरात ढवळत घाला. एकदम ओतलं तर जिथं धार पडते तिथंच तंतू झपकन जमतात आणि प्रथिनं त्यांच्या आत कोंडली जातात. म्हातारीचे केस करताना काडीवर साखर जशी गुंडाळत जाते, अगदी तसे हे तंतू ढवळणीच्या पात्याला गुंडाळतात. असा गुंता हाताला घट्ट लागला तर समजा की घाई झाली. संथपणे पडलेला गाळ मऊ, कापसासारखा असतो आणि धुतला जातो.

आता तुमच्या ६ टक्क्यांकडे येते. तो आकडा लॉरी या प्रथिनं मोजण्याच्या रंगचाचणीचा आहे, आणि लॉरी फसवू शकते. डीऑक्सीकोलेट तिच्यात ढवळाढवळ करतं, फिनॉल तर फारच. साखर खूप असेल तरी रंग चढतो. बीसीए या दुसऱ्या रंगचाचणीकडे वळाल तर रिड्यूसिंग साखरा तिथंही त्रास देतात. एकदा २२० ते ३२० नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणाचा पूर्ण आलेख काढा. २६० ला उंचवटा असेल तर शत्रू न्यूक्लिइक आम्ल आहे. मग एक नमुना अमिनो आम्लांच्या विश्लेषणाला पाठवा. त्यात सगळी नेहमीची अमिनो आम्लं सरमिसळ दिसली तर खरंच प्रथिन आहे. फक्त ॲलनिन, ग्लुटामिक आणि लायसिन डोकं वर काढत असतील तर ते पेशीभित्तीचं पेप्टिडोग्लायकन आहे. कवचाची साखळी त्या भित्तीला पक्क्या बंधानं जोडलेली असते, तो तुकडा धुऊन कधीच जाणार नाही, त्याचा इलाज पेशी फोडण्याच्या टप्प्यावरच करायला हवा.

भित्तीचाच दुसरा भाग म्हणजे सी-पॉलिसॅकराइड, न्यूमोकोकसच्या प्रत्येक टाइपमध्ये असणारं. रक्ततपासणीत सीआरपी म्हणून जे मोजतात, त्याला नाव याच्यावरूनच पडलं. त्याच्यावर फॉस्फेट आणि कोलिन, म्हणजे ऋण आणि धन दोन्ही भार असतात, त्यामुळे एक्स्चेंजर त्याला भरवशानं धरत नाही. पण टाइप १४ मध्ये ते ओळखणं सोपं आहे, आणि ही संधी सोडू नका. टाइप १४ च्या स्वतःच्या साखळीत फॉस्फरस नाही, रिबिटॉल नाही. म्हणजे शुद्ध मालात फॉस्फरस सापडला तर तो एकतर न्यूक्लिइक आम्लाचा किंवा सी-पॉलिसॅकराइडचा. ६बी मध्ये ही सोय नाही, कारण तिथं मालातच फॉस्फेट आणि रिबिटॉल असतं. एनएमआर उपलब्ध असेल तर ३.२ पीपीएमच्या जवळ कोलिनचा उभा, टोकदार उंचवटा दिसतो, तो सांगेल किती आहे ते.

शेवटचा संशयित तुमच्या माध्यमातला. तुम्ही यीस्ट एक्स्ट्रॅक्ट वापरता. त्यात यीस्टच्या भित्तीचं मॅनन असतं, मोठं आणि बहुतांशी भाररहित, म्हणजे वागायला अगदी टाइप १४ सारखं. भारित टाइपमध्ये सीटॅबच्या टप्प्याला ते वरच्या पाण्यासोबत निघून जायचं, म्हणून ६बी मध्ये तुम्हाला त्याचा पत्ताही लागला नाही. इथं ते पडद्यावर थांबेल, एक्स्चेंजरमधून आरपार येईल, अल्कोहोलमध्ये सोबत बसेल, आणि त्याला जोडलेलं प्रथिनही बरोबर घेऊन येईल. साखरांच्या विश्लेषणात मॅनोज दिसलं की चोर सापडला, कारण टाइप १४ मध्ये मॅनोज नाहीच. उपाय फर्मेंटरच्या आधीचा. यीस्ट एक्स्ट्रॅक्टचं द्रावण १० किंवा ३० किलोडाल्टनच्या पडद्यातून काढून घ्या आणि फक्त पडद्यातून पार गेलेला भागच वापरा. जंतूला लागणारी अमिनो आम्लं आणि जीवनसत्त्वं लहान असतात, ती पार जातात. वाढ थोडी तपासून घ्या, मला तरी फरक जाणवला नव्हता.

एंडोटॉक्सिनची, म्हणजे ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंच्या आवरणातल्या विषाची, चिंता इथं कमी. न्यूमोकोकस ग्रॅम-पॉझिटिव्ह, त्याचं स्वतःचं एंडोटॉक्सिन नसतं. आकडा आला तर तो पाणी, माध्यम किंवा धुलाईतून आलेला, तिथंच शोधा.

नवी बॅच लावण्याआधी फ्रीजमध्ये ठेवलेले जुन्या बॅचचे नमुने काढा. त्यातल्या शेवटच्या मालात फॉस्फरस, मॅनोज आणि २६० चा आलेख, आणि सीटॅबनंतरचं वरचं पाणी उरलं असेल तर त्यात अल्कोहोल आणि टाइप १४ चं सीरम, एवढं दोन दिवसांत होईल. हे आकडे इथेच टाका. मॅनोज आलं तर आपण माध्यमापासून सुरुवात करू, फॉस्फरस आला आणि २६० ला काही नसेल तर पेशी फोडण्याच्या वेळेपासून.